ओहायो स्टेट, मिशिगन आणि मावशीचे घर

कोल्हापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मिशिगन राज्यातल्या नोव्हीला मावशीकडे जाणार नाहीस, असे तू आईला फोनवर सांगितलेस आणि कारण विचारल्यावर ‘अभ्यास’ म्हणालास. खरे कारण मावशीकडूनच कळले. गेल्या वर्षी तुमचे ओहायो स्टेट मिशिगनविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हरल्यावर तुझ्या मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिशिगनच्या झेंड्याचे छायाचित्र टाकले, त्यावर तू जे लिहायचे ते लिहिलेस, ग्रुप सोडलास आणि तेव्हापासून तुम्हा दोघांचे बोलणे बंद आहे. यंदाचा सामना २९ तारखेला मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरलाच, म्हणजे मावशीच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर आहे. फोनवर हा विषय काढला तर तू ‘बघू’ म्हणून दोन मिनिटांत गुंडाळशील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधीच सांगतो की मी तटस्थ नाही. मी मिशिगन विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, तू ओहायो स्टेट विद्यापीठाचा, आणि आपल्या घरातली ही गंमत मला मनापासून आवडते. ‘नुसता खेळ तर आहे, त्यात काय एवढे’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात, ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसांत उभा राहून मी आमच्या चार्ल्स वुडसनला, प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू (पंट) झेलून, ७८ यार्ड पळत गुणरेषा ओलांडताना (टचडाउन) पाहिले आहे. मिशिगनने तो सामना २०–१४ असा जिंकला, वुडसन दातांत गुलाब धरून मैदानात फिरला आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. वुडसनला त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाली आणि मिशिगनला नेब्रास्काबरोबर विभागून राष्ट्रीय विजेतेपद. परदेशात एकट्या पडलेल्या मुलाला त्या गर्दीने काही काळ आपले मानले, याची किंमत मी जाणतो. तुलाही तुझ्या विद्यापीठाच्या शहरात, कोलंबसमध्ये, तेच मिळाले असणार, म्हणून ते सोडून दे असे मी सांगणार नाही.

प्रश्न किती धरावे याचा आहे, आणि त्याचे उत्तर या सामन्याच्या इतिहासातच शोधावे असे मला वाटते.

या वैराचे मूळ तुमच्याकडचे लोक १८३५ च्या टोलेडोच्या भांडणापर्यंत नेतात. ओहायो राज्य आणि मिशिगन प्रांत यांच्यात टोलेडो शहराभोवतालच्या पट्ट्यावरून वाद पेटला, दोन्ही बाजूंनी बंदुका घेतलेली माणसे जमली आणि कागदोपत्री त्याला युद्ध असेही नाव पडले. सीमाप्रश्न म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, पण हे युद्ध मात्र अजब होते. त्यात नोंद घेण्याजोगा जखमी एकच: मिशिगनचा डेप्युटी शेरीफ जोसेफ वुड. त्याला टू स्टिकनी नावाच्या तरुणाने खिशातल्या छोट्या चाकूने भोसकले आणि तो वाचला. (टूच्या थोरल्या भावाचे नाव वन होते. वडिलांनी मुलांची नावे ठेवायचा कंटाळा केला असावा.) अखेर टोलेडो ओहायोला मिळाले, मिशिगनला त्याबदल्यात उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग मिळाला, आणि २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला. पुढे त्या उत्तरेच्या भूमीत तांबे आणि लोखंड निघाले, तेव्हा हरले कोण हाही प्रश्नच आहे. पहिला फुटबॉल सामना झाला १८९७ मध्ये. मिशिगनने तो ३४–० असा जिंकला. मधल्या साठ वर्षांत टोलेडोचा राग कोणी पोटात जपून ठेवला होता, असे मला वाटत नाही. वैर नंतर वाढले आणि त्याला शोभेसे जुने मूळ मागाहून शोधून दिले गेले.

ते खरे वाढवले ते ओहायो स्टेटचे वुडी हेस आणि मिशिगनचे बो शेंबेकलर या दोन प्रशिक्षकांनी, आणि तुझ्या पिढीने त्यांच्याकडे नीट पाहिलेले नाही. ‘वरच्या राज्यातला तो संघ’ असे म्हणून मिशिगनचे नावही न घेण्याची जी पद्धत तू मोठ्या अभिमानाने पाळतोस, ती हेस यांची. पण बो हे हेस यांचेच शिष्य होते. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात ते हेस यांच्या हाताखाली खेळले, नंतर कोलंबसमध्ये त्यांचे साहाय्यक झाले, आणि १९६९ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक होऊन पहिल्याच वर्षी त्यांनी गुरूच्या अपराजित, गतविजेत्या संघाला २४–१२ असे हरवले. पुढची दहा वर्षे दोघांनी एकमेकांना हरवण्यासाठी जिवाचे रान केले. त्या दहा सामन्यांत बो यांनी पाच जिंकले, हेस यांनी चार आणि एक बरोबरीत सुटला.

त्या काळी या सामन्यावर खरोखरच सर्वस्व अवलंबून होते, हे ध्यानात घे. बिग टेन या विद्यापीठांच्या गटातून रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला एकच संघ जाई, आणि १९७५ पर्यंत दुसऱ्याला अशा कोणत्याच ‘बोल’ सामन्यात खेळण्याची परवानगी नव्हती. १९७३ मध्ये दोघे अपराजित राहून भिडले, सामना १०–१० असा सुटला आणि रोझ बोलला कोण जाणार हे विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवले. कौल ओहायो स्टेटला गेला. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत मिशिगनने तीस सामने जिंकले, दोनच हरले, एक बरोबरीत सोडवला आणि त्या मुलांना एकदाही बोल खेळायला मिळाला नाही. तेव्हाच्या खेळाडूने या सामन्यानंतर आठवडाभर अन्न गोड लागत नाही म्हटले असते, तर मी त्याच्यापुढे मान खाली घातली असती.

आता तुझ्या गेल्या वर्षीच्या दुःखाकडे ये. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, तुमच्याच स्टेडियममध्ये, सर्वांनी मोडीत काढलेल्या मिशिगनने तुम्हाला १३–१० असे हरवले. मग आमच्या मुलांनी तुमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरीच्या द्रावणाचे फवारे मारावे लागले आणि बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड केला. झेंडा रोवणे मला तेव्हाही आवडले नाही. जिंकणाऱ्याने गप्प बसून गुणफलकाकडे बोट दाखवावे, एवढे पुरते. पण पुढे काय झाले? बारा संघांच्या नव्या प्लेऑफमुळे (विजेतेपदाच्या बाद फेरीमुळे) तुमचा हंगाम संपलाच नाही. २० जानेवारी २०२५ ला तुम्ही नोटर डेमला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेते झालात. म्हणजे ज्या सामन्याने पूर्वी सारे काही हिरावून घेतले जाई, त्याने तुमचे काहीच गेले नाही, आणि तरी तू आजवर मावसभावाशी बोलत नाहीस. सामन्यावर लागलेली बाजी लहान होत चालली असताना चाहत्यांचा राग मात्र मोठा होत चालला आहे, ही उलटी गोष्ट मला खटकते.

हा राग कोणावर पडतो तेही पाहा. तुमचे प्रशिक्षक रायन डे यांनी जाहीरपणे सांगितले आहे की मिशिगनविरुद्धच्या पराभवानंतर त्यांच्या कुटुंबाच्या वाट्याला जे आले ते, वडिलांचा मृत्यू आणि अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर, आयुष्यात सोसलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी होते. हे त्यांनी शेजाऱ्यांच्या आणि चाहत्यांच्या शहरात राहून सोसले. तुमच्याच काइल मॅकॉर्डने २०२३ मध्ये बारा सामन्यांत क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून अकरा जिंकून दिले. शेवटच्या, मिशिगनविरुद्धच्या सामन्यात निर्णायक क्षणी त्याचा पास अडवला गेला आणि काही दिवसांतच तो कोलंबस सोडून सिरॅक्यूजला निघून गेला. पुढच्या हंगामात देशात सर्वाधिक पासिंग यार्ड त्याच्याच नावावर लागले. अकरा सामने विसरून एका चेंडूवरून मुलाला ओळखणारे प्रेम मला प्रेम वाटत नाही.

याच्याही पलीकडे जाणारे लोक असतात. २०१० मध्ये याच खेळात ऑबर्न विद्यापीठाने अलाबामा विद्यापीठाला हरवल्यानंतर अलाबामाच्या एका साठी ओलांडलेल्या चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरील जुन्या ओक वृक्षांच्या मुळाशी तणनाशक ओतले आणि रेडिओवर फोन करून ते अभिमानाने सांगितले. तुरुंगात त्याला जावे लागले, आणि झाडे २०१३ मध्ये तोडावी लागली. तुमच्या कोलंबसमध्ये २००२ ला मिशिगनवर विजय मिळाल्यानंतर रस्त्यांत जाळपोळ झाली. २०१५ मध्ये मिशिगनच्या आठवड्यात विद्यापीठातल्या मिरर लेक तळ्यात उडी मारण्याच्या प्रथेत एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि विद्यापीठाने ती प्रथाच बंद केली. त्याच्या आईवडिलांना तुम्ही कोणत्या रंगाचे सदरे घालता याने काय फरक पडतो? यातले काही तू करशील असे मला मुळीच वाटत नाही. आपल्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांनंतर पेठेपेठेत दगडफेक होताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि तिथे दगड उचलणारा मुलगाही घरून निघताना चांगल्या घरचाच असतो, एवढेच लक्षात आणून देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पराभवाचे दुःख करण्याचा चाहत्याला पूर्ण हक्क आहे, कारण त्याने त्यात जीव ओतलेला असतो. परंतु कोणी आपला अपराध केला आहे असे समजून अढी धरण्याचा हक्क त्याला नाही, कारण त्याचा अपराध कोणीच केलेला नसतो. ज्याने मार खाल्ला, ज्याचा गुडघा निखळला, ज्याची नोकरी गेली, त्याने काय वाटून घ्यायचे ते तो ठरवील. आपण पायऱ्यांवर बसणारे आहोत. शिवाय ते खेळाडूही आता पूर्वीसारखे चार वर्षे एकाच झेंड्याखाली राहत नाहीत. गेल्या वर्षी तुम्हाला विजेतेपद मिळवून देणारा विल हॉवर्ड आदल्या वर्षी कॅन्सस स्टेटसाठी खेळत होता, आणि यंदाच्या जुलैपासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मानधन देऊ लागली आहेत. ते योग्यच झाले. पण व्यवहार असा बदललेला असताना तुम्हा दोघा भावांनी मात्र जन्माचे वैर धरायचे, हे मला हिशोबात बसत नाही.

तुमच्या विद्यापीठात त्या आठवड्यात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ वर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. तू मागे पाठवलेल्या छायाचित्रात तुमच्या प्रयोगशाळेच्या दारावरची फुली घाईघाईत मारलेली, एका टोकाला सुटून लोंबणारी दिसते. ती मी कारखान्यात सर्वांना दाखवली. ती चेष्टा आहे आणि चेष्टेत राहते. मिशिगनला हरवल्यावर तुमच्या प्रत्येक खेळाडूला छोटी सोनेरी विजार मिळते, ही १९३४ पासूनची प्रथाही मला आवडते. (तुमच्याच काही खेळाडूंनी ती विजार विकून पैसे आणि गोंदण मिळवल्याचे २०१० मध्ये उघड झाले, ते निलंबित झाले आणि पुढे जिम ट्रेसल यांना प्रशिक्षकपद सोडावे लागले, बाहेरच्या चाहत्याला ती जितकी पवित्र, तितकी आतल्या मुलाला नसते, हे त्यावरून कळावे.) आणि दोन्ही विद्यापीठे १९८२ पासून या सामन्याआधी रक्तदानाची चुरस लावतात. तिथे तू जरूर जा. मिशिगनला हरवण्याची ही एकच रीत अशी आहे की तीत तू जिंकलास तर मलाही आनंद होईल.

बो शेंबेकलर १७ नोव्हेंबर २००६ ला वारले. दुसऱ्याच दिवशी देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेले हे दोन संघ कोलंबसमध्ये खेळणार होते. तुमच्या स्टेडियममधल्या लाखाहून अधिक लोकांनी, तुमच्याच लाल रंगात, त्या मिशिगनच्या माणसासाठी शांतता पाळली, आणि मग तुमच्या संघाने ४२–३९ असा सामना जिंकला. कोलंबसच्या चाहत्यांची ही बाजू तुझ्या मावसभावाला कदाचित माहीत नसेल. त्याला ती सांगण्याचे काम तुझे.

तेव्हा गुरुवारी जेवायला जा. त्याने छायाचित्र टाकले होते ते खोडसाळपणाने, आणि तू लिहिलेस ते त्याहून कडू होते, असे दोन्ही वाचून माझे मत झाले आहे. त्याने आधी बोलावे अशी वाट पाहू नकोस. तू वयाने मोठा आहेस. लाल जॅकेट घालूनच जा, मावशीला ते चालते. बुधवारी संध्याकाळी टोलेडोच्या आसपास महामार्गावर गर्दी असते, म्हणून दुपारीच नीघ आणि किती वाजेपर्यंत पोहोचशील ते मावशीला आधी कळव. शनिवारचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होईल. मी जागा राहणार आहे. मध्यंतराला दोघांनी एकत्र व्हिडिओ कॉल करा; आई दोघांची बाजू घेईल, मी मात्र फक्त मिशिगनची घेईन.

तुझा,
बाबा