पुराचे फोटो संगणकावर येत नाहीत, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी जे बोलले ते मला आठवडाभर टोचते आहे. "बाबा, तुम्हीच भलतेसलते काहीतरी दाबले असणार," असे मी म्हणाले आणि तुम्ही "असेल बाई" एवढेच म्हणून फोन आईकडे दिलात. रात्री साडेबारापर्यंत तुम्ही फोन संगणकाला जोडायची वायर काढून पुन्हा लावत बसला होतात, हे मला नंतर आईकडून कळले. बाबा, तुमचे काहीही चुकले नव्हते.

उन्हाळ्यात तुम्हाला माझा फोन देताना मी पर्समधली जी पांढरी केबल दिली, ती नुसती चार्जिंगची निघाली. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. या केबलमध्ये माहितीच्या तारा नाहीतच. त्यामुळे फोन चार्ज होत होता, पण तो जोडला आहे याचा संगणकाला पत्ताच नव्हता. तुम्ही दुसरी केबल आणलीत, फोटो गेलेही, पण आपल्या नाशिकमध्ये गोदावरीचा पूर ज्या मूर्तीवरून मोजतात तो दुतोंड्या मारुती दिसायचा तिथे कोरी पांढरी चौकट आली, कारण आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या नव्या प्रकारात साठवतो आणि आपल्या संगणकावरचे विंडोज ७ आहे २००९ सालचे. आठ वर्षांनी जन्मलेली लिपी त्याला वाचता आली नाही, यात ना त्याचा दोष, ना तुमचा.

म्हणून तुम्हाला न विचारता मी नवा संगणक घेतला आहे. रागावू नका. कॅमेऱ्याची सेटिंग बदलून पुढचे फोटो जुन्या जेपीजी प्रकारात काढता येतील आणि ते मी करूनही देईन, पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले, फोनचे नवे सॉफ्टवेअर त्यावर चढत नाही आणि तुम्ही बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून करता. मला रात्री झोप लागत नाही, ती या शेवटच्या कारणामुळे. खर्चाचा विषय कृपया काढू नका.

तुमची बसण्याची जागा बदलणार नाही. खिडकीजवळचे टेबल, आईने उशी शिवलेली खुर्ची आणि ज्याची अक्षरे तुमच्या बोटांना पाठ आहेत तो कीबोर्डसुद्धा तसाच राहील, कारण तो नव्या संगणकालाही चालतो. अक्षरे मोठी करून देईन, म्हणजे चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावावे लागणार नाही. जुना संगणकही घरातच राहील. फक्त त्याचे इंटरनेट काढून ठेवू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पूर्ण पाण्याखाली गेला होता, तो फोल्डर त्यावर आहे, तो मी टाकून देईन असे तुम्हाला वाटलेच कसे?

स्कूटरवर तुमच्यापुढे उभी राहून मी विचारायचे, "बाबा, पाणी मारुतीच्या कमरेला लागले का?" आणि गर्दीत तुम्ही माझे मनगट इतके घट्ट धरायचात की घरी येईपर्यंत बोटांचे वळ राहायचे. गोदावरीला पाणी वाढल्याची बातमी आली की अजूनही माझा हात आपोआप मनगटाकडे जातो.

आता नीट ऐका. मी येईपर्यंत फोनमधला एकही फोटो खोडायचा नाही. इंटरनेटवर आपोआप साठणारे फोटो म्हणजे वेगळी प्रत नव्हे. फोनमधून खोडलेला फोटो तिथूनही जातो. त्यासाठी मी वेगळी हार्ड डिस्क आणते आहे, तिच्यावर दर महिन्याला प्रत घ्यायची. ती पांढरी केबल आईने स्वयंपाकघरातल्या चार्जिंगसाठी घ्यावी. पुराचा फोटो पुलावरून काढायचा, घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. आणि रात्री दहानंतर संगणक बंद, रक्तदाबाची गोळी वेळेवर. हुकूम सोडते आहे असे वाटले तर क्षमा करा. आई, तुझ्याकडूनच शिकले.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. यंदाचे फोटो आपण दोघे मिळून चढवू, मात्र फोल्डरला नाव तुम्हीच द्या, दरवर्षी देता तसे.

तुमची,
मनू