टी-शर्टावरच्या रेघा आणि विसरलेला अपस्मार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काळ्या टी-शर्टावर पांढऱ्या रेघांची डोंगररांग, हे चित्र आता आपल्याकडच्या कॉलेजांतही सहज दिसतं. कुणाला ते हृदयाच्या ठोक्यांचं वाटतं, कुणाला आवाजाच्या लहरींचं. प्रत्यक्षात ते सीपी १९१९ या पल्सारचं, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याचं आहे. जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज इथे सापडलेला हा पहिला पल्सार. त्याचं एक स्पंदन दर १.३३७ सेकंदांनी पोचतं. अशा सलग ८० स्पंदनांचे आलेख एकाखाली एक रचले की ती डोंगररांग तयार होते. म्हणजे ही पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतली जेमतेम पावणेदोन मिनिटांची नोंद आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि तिथेही पल्सारांचा अभ्यास चालतो, तेव्हा आपल्याला हे चित्र परकं वाटायला नको. पीटर सॅव्हिल या डिझायनरने ते काळ्यावर पांढरं केलं आणि जून १९७९ मध्ये ते जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ झालं.

या बँडचा गायक इयान कर्टिस १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, स्वतःचं आयुष्य संपवून गेला. बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी निघणार होता. तेव्हापासून त्याच्याविषयी जे लिहिलं जातं त्यात ‘वेदनेतून जन्मलेली कला’ हे पालुपद हमखास असतं. त्याच्या आजाराचं नाव मात्र ओझरतं येतं. तो आजार होता अपस्मार, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याचा आजार. हे पत्र लिहिण्याचं कारण तेच.

कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरीला होता. अपंग व्यक्तींना काम मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. तिथे नोकरीच्या शोधात येणाऱ्या एका तरुणीला आकडी येत असे. ती गेल्याचं त्याला पुढे कळलं आणि त्यातून ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं झालं. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हे गाणं अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झालं, तोवर खुद्द त्याच्याही अपस्माराचं निदान झालेलं होतं. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनचा कार्यक्रम आटोपून परतताना गाडीतच त्याला मोठी फिट आली होती.

त्या काळी अशा रुग्णांना फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन यांसारखी औषधं दिली जात. फिनोबार्बिटोनने गुंगी येते, मन खचतं, चिडचिड वाढते. हे औषध आपल्याकडे आजही वापरात आहे, म्हणून मुद्दाम लिहितो: मन उदास झालं तर गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. औषध एकदम तोडलं की आकडी उसळून येते. त्यात कर्टिसचं जगणं म्हणजे जागरणं, प्रवास, बिअर आणि अवेळी जेवण. अपुरी झोप हे आकडीचं सर्वांत सरळ कारण, आणि बँडच्या आयुष्यात झोपेलाच जागा नव्हती. १९८० च्या मार्चचा उत्तरार्ध दुसऱ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात गेला. मग २, ३ आणि ४ एप्रिलला लंडनच्या मूनलाइट क्लबमध्ये सलग कार्यक्रम. त्यातही ४ तारखेला आधी रेनबो थिएटरमध्ये गाऊन तो तिकडे गेला. रेनबोत लुकलुकते स्ट्रोब दिवे लागले आणि तो ड्रमवर कोसळला. ७ एप्रिलला त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. ८ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या बरी (Bury) या गावच्या कार्यक्रमात तो पुन्हा रंगमंचावर होता. ही तारखांची माळ वाचली की वेदनेच्या काव्याची भाषा तोंडात येत नाही.

हात झटकत, गोल फिरवत तो नाचायचा. नाच कुठे संपला आणि आकडी कुठे सुरू झाली हे प्रेक्षकांना कळत नसे. ते टाळ्या वाजवत राहायचे आणि सहकारी त्याला उचलून आत न्यायचे.

त्याचा वारसा दुःखापेक्षा कामात शोधावा. बँडचा बेस गिटारवादक पीटर हुक याचा अँप्लिफायर इतका सुमार होता की त्याला स्वतःच्याच बेसचे खालचे स्वर ऐकू येत नसत, म्हणून तो वरच्या तारांवर वाजवू लागला. त्यातली गंमत ओळखून ‘यावरच गाणं बांधू’ म्हणणारा कान कर्टिसचा होता. निर्माता मार्टिन हॅनेटने ड्रमचे भाग सुटे सुटे ध्वनिमुद्रित केले. एका गाण्यात कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला, तर तालासाठी टेप-हेड साफ करायचा स्प्रेही वापरला. त्या अल्बममधली गार, रिकामी जागा अशी कारागिरीने घडवलेली आहे. कर्टिस गेल्यावर उरलेल्या तिघांनी बँडचं नाव सोडलं आणि न्यू ऑर्डर या नावाने नव्याने सुरुवात केली. (जुनं नाव नाझी छावण्यांमधल्या स्त्रियांच्या लैंगिक गुलामीवरून घेतलेलं होतं. टी-शर्ट घालणाऱ्यांना हेही ठाऊक असावं.)

आता कॉलेजांचे महोत्सव आणि डीजेचे कार्यक्रम भरवणाऱ्यांना विनंती. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही अपस्मार रुग्णांमध्ये आकडी आणू शकतो. स्ट्रोब वापरणार असाल तर तिकिटावर आणि दारावर मराठीत ठळक सूचना लावा, वेग सेकंदाला ३ च्या आत ठेवा, एका वेळी काही सेकंदच चालवा. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी दिवे सुरू होताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावं. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतून प्रकाश आत जातोच.

आणि कुणाला आकडी आलीच, तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ कापड द्या, गळ्याशी घट्ट असलेलं सैल करा आणि घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर वळवा, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका, जवळ थांबा. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, पुणे