बाबा, आईला का नाही सांगितलंत?

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, मंगळवारी पोलीस म्हणून जो व्हिडिओ कॉल आला, त्याबद्दल तुम्ही शनिवारी बोललात. तेही एफडीच्या पावत्या कपाटाबाहेर कशा आल्या, असं आईने खोदून विचारलं म्हणून. चार्जिंग संपून फोन बंद पडला आणि पैसे वाचले. पण माडीवरच्या खोलीला आतून कडी लावून तुम्ही दोन तास बसला होतात आणि खालून आई जेवायला हाका मारत होती, हे काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तो गणवेशातला माणूस पोलीस नव्हता. फोनवरूनच माणसाला कोंडून ठेवायची ही ‘डिजिटल अटक’ आपल्या कायद्यात नाहीच. चौकशी होईपर्यंत पैसे ‘तपासणीच्या खात्यात’ भरा, असं पोलीस, न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक कधीच सांगत नाही. त्याला तुमचा आधार नंबर ठाऊक होता म्हणून तुम्हाला ते खरं वाटलं. पण सिमकार्डवाला, लॉज, झेरॉक्सचं दुकान, किती ठिकाणी आपण त्या कार्डाच्या प्रती देऊन आलोय!

मला खरा राग आला तो त्याच्या एका वाक्याचा : ‘घरात कोणाला सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू.’ दुकानात गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी साउंडबॉक्स बोलल्याशिवाय तुम्ही सिमेंटचं पोतं हलू देत नाही. नवखा माणूस उधारी मागायला आला तर आधी बाजारात चार जणांना विचारता. त्या दोन तासांत त्याने तुम्हाला विचारायला माणूसच उरू दिला नाही.

आणि लाज कसली, बाबा? लुधियानाच्या वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल, पद्मभूषण, तेव्हा वय ८२. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच लोकांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. आयुष्यभर एवढा मोठा उद्योग सांभाळलेला माणूस! पण त्यांनी ते दडवलं नाही, तक्रार केली, म्हणून ५ कोटी २५ लाख परत मिळाले.

असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तासाभरात दहा खात्यांत फुटतात. म्हणून कधी गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढे सरकण्याआधी कळलं तर बँका ते रोखून धरू शकतात. हा नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून सोबत पाठवतेय, गल्ल्यावर चिकटवा. बँकेला आणि मला त्यानंतर कळवा.

आई, तुझ्या भिशीच्या ग्रुपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नकोस, पत्रिका पाठवणारी कितीही ओळखीची असो. कदाचित तिचाच फोन आधी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असेल. आणि माझ्या आवाजात कोणी रडत पैसे मागितले, तर आजीच्या गायीचं नाव विचार. ते मी इथेही लिहीत नाही.

गुरुवारी रात्रीच्या गाडीने येतेय. तोवर पुन्हा तसा फोन आला, तर बाबा, कापा आणि खाली जाऊन आईला सांगा. ती पोळ्या करत असली तरी.

तुमची,
मनू