हिपॅटायटिस सी बरा होतो, मग शिक्का कशाला?

मा. संपादक,

माझ्या मावसभावाला हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा लिव्हरचा आजार, झाला होता. तीन महिने गोळ्या घेतल्या, संपल्यावर बारा आठवडे थांबून व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते मोजणारी टेस्ट) केलं, रिपोर्टवर स्पष्ट नॉट डिटेक्टेड, म्हणजे विषाणू सापडला नाही. परवा तो फोंड्यात एका खाजगी क्लिनिकात दाढ काढायला गेला तर तिथे रक्त तपासलं, सी ची अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन) पॉझिटिव्ह आली आणि परत पाठवला. जुना रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलेला, तो उघडूनसुद्धा बघितला नाही. खूप राग आला म्हणून लिहितोय.

अँटीबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहते. विषाणू आत्ता आहे की नाही ते त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय साखळी, शोधणारी टेस्टच सांगते, व्हायरल लोड म्हणजे तीच. आणि समजा असलाच, तरी हत्यारं प्रत्येक पेशंटनंतर निर्जंतुक करायचीच असतात ना?

लोकांना वाटतं हा रोग नुसता दबतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने, वर्षभर घ्यायची, ताप, अशक्तपणा, आणि एवढं करून साधारण निम्मेच बरे व्हायचे. आताच्या गोळ्या थेट विषाणूच्या प्रथिनांवर बसतात. हा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरला की आधी एकच लांबलचक प्रथिन बनवतो, मग त्याचे तुकडे करून कामाला लावतो, त्यातलं एनएस५बी नावाचं प्रथिन त्याच्या आरएनएच्या नव्या कॉप्या काढतं. सोफोसबुविर हे गोळीतलं औषध पेशीत गेलं की त्या आरएनएच्या साखळीतल्या मण्यासारखंच दिसतं, एनएस५बी फसून तेच उचलतं आणि कॉपी तिथेच अडते, अबोलीची फाती विणताना दोरा तुटला की पुढचं फूल बसत नाही तसं. जोडीला डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर हे दुसरं औषध असतं, ते विषाणूच्या एनएस५ए नावाच्या प्रथिनाला अडवतं. दोन औषधं एकत्र, कारण हा विषाणू भराभर रूप बदलतो, एकाला चुकवलं तरी दुसऱ्याला चुकवणं कठीण. नव्या कॉप्या बंद, जुना विषाणू शरीर संपवतं, शंभरातले पंचाण्णवच्या आसपास पूर्ण बरे.

२०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं तेव्हा एक गोळी हजार डॉलरची होती, २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना बनवायचं लायसन्स मिळालं आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकार हे उपचार फुकट देतं. एवढं हातात असताना लोक लाजेपोटी टेस्टच करत नाहीत, आणि केली तर असला अनुभव. शिवाय सी मध्ये पुष्कळांना कावीळ दिसतच नाही, आणि दिसली तर गावठी औषधाने ती उतरली म्हणजे रोग गेला असं समजून निर्धास्त राहणारेही आहेत.

हिपॅटायटिस बी चं मात्र वेगळं. त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो, टेनोफोविर या औषधाने कॉप्या थांबतात पण मूळ जात नाही, तेव्हा ती गोळी मनाने बंद करू नका.

आरोग्य खात्याने सगळ्या खाजगी दवाखान्यांना लेखी कळवावं की सी ची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर आरएनए रिपोर्ट बघा, आणि कुणालाही उपचाराविना परत पाठवू नका. मावसभावाची दाढ अजून दुखतेच आहे.

एक वाचक, फोंडा