बीडीएसची सीट घ्यायची की नाही

मनू,

काल फोनवर तू विचारलंस, बीडीएसची, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीची, सीट घ्यायची का, आणि मी बघू म्हणून फोन ठेवून दिला, लॅबमध्ये धातूचं ओतकाम सुरू होतं. आता सविस्तर लिहितोय, अॅडमिशनच्या राऊंडचा फॉर्म लॉक करायच्या आधी वाच.

मावशी म्हणते बीएएमएस घे, मैत्रिणी म्हणतात अजून एक वर्ष रिपीट मार. मी काही डॉक्टर नाही, डेंटल मेकॅनिक आहे, डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरून कवळ्या आणि दातावरच्या कॅप बनवणारा, पण या धंद्याची मागची बाजू रोज माझ्या टेबलावर येऊन पडते. डॉक्टर फोनवर काहीही सांगू दे, माप हातात आलं की मला सगळं कळतं, अल्जिनेट, म्हणजे माप घ्यायचा मसाला, ओल्या कापसात गुंडाळून लगेच पाठवलंय की दुपारभर वाळत पडलं होतं, पेशंटला उमासे येत होते म्हणून ट्रे घाईत काढलाय का, दात कापताना मार्जिन, म्हणजे कॅप जिथे टेकते ती कड, नीट दिलीय का. नवीन बीडीएस झालेल्या पोरापोरींची मापं येतात, काहींची अशी स्वच्छ की कॅप पहिल्याच ट्रायलला बसते, आणि काहींच्या मापावरून डाय, म्हणजे दाताचा साचा, ट्रिम करायला घेतली तर दात कुठे संपतो तेच कळत नाही. पास दोघंही झालेत हां. फरक एवढाच की कॉलेजात कोणाचा हात किती पेशंटवर चालला.

म्हणून माझं म्हणणं, बीडीएस घे, पण कॉलेज बिल्डिंग बघून घेऊ नको, ओपीडी बघून घे. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला लावतात, ते तुला जमेल, लहानपणी माझं किती मेण वाया घालवलंस. दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, काम, आणि खरा अभ्यास तिसऱ्या वर्षापासून, क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाली की. इतक्या फिलिंग, इतक्या एक्स्ट्रॅक्शन, कवळ्या, असा कोटा पूर्ण करावा लागतो. देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत आणि बहुतेक प्रायव्हेट, काही इतकी गावाबाहेर की पेशंटच नाहीत, मग पोरं स्वतःच्या खिशातून ऑटोभाडं देऊन कुठल्यातरी आजोबांना कवळीसाठी घेऊन येतात, आणि आजोबा दुसऱ्या ट्रायलला आलेच नाहीत तर परत नवे आजोबा शोधा. वर्षाला लाखांत फी भरायची आणि पेशंटही आपणच आणायचे! त्यापेक्षा नागपूर, संभाजीनगर, मुंबईचं गव्हर्नमेंट किंवा नायर मिळालं तर डोळे झाकून घे, हॉस्टेल कसंही असू दे, तिथे सकाळपासून लाईन असते.

आता पैशाचं. नुसत्या बीडीएसवर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये लागलीस तर सुरुवातीला बारा-पंधरा हजार, कधी त्याहून कमी, आणि ते ऐकून तुझी आई रडणार हे आत्ताच सांगतो. स्वतःचं टाकायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, जागेचं डिपॉझिट, कर्ज काढल्याशिवाय होत नाही. एमडीएस, म्हणजे पुढची डिग्री, करायची तर परत नीटची परीक्षा, परत तीन वर्षं, ऑर्थो (दात सरळ करणं) आणि एन्डो (रूट कॅनल) या शाखांसाठी मारामारी. बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर तिथेही परत परीक्षा.

आणि हे सगळं का, तर आपल्याकडे दाताचा खर्च माणूस स्वतःच्या खिशातून करतो. मेडिक्लेममध्ये अॅक्सिडेंट सोडला तर दात सहसा बसतच नाहीत. रूट कॅनल आणि कॅप मिळून चार-सहा हजार म्हटलं की शेतकरी म्हणतो काढून टाका, काढायला तीन-चारशेत काम होतं. तू दात वाचवायला शिकून येशील आणि समोरचा म्हणेल उपटा. यात चिडायचं नाही, त्याचा सोयाबीनचा भाव तुला माहितीये. पण वाचवता येतो हे त्याला न ओरडता सांगता आलं पाहिजे, ते कोणी परीक्षेत विचारत नाही.

पेशंट कमी नाहीत, पैसे कमी आहेत, आणि डॉक्टर सगळे शहरात एकाच रोडवर. आपल्या भागातच बघ ना, यवतमाळ-चंद्रपूरकडे कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड, पोरांचे दात तपकिरी. सुपारी-तंबाखूचा खर्रा तर आहेच, २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली आणि खर्रा घोटणं काही थांबलं नाही, पंचविशीतल्या पोरांचं तोंड उघडत नाही, दोन बोटं आत जात नाहीत, माप घ्यायचा ट्रे कुठून जाणार. असं तोंड बहुतेक वेळा सगळ्यात आधी डेंटिस्टलाच दिसतं, आणि तिथे त्याने नीट बघितलं तर पुढचा कॅन्सर वेळेत सापडतो. एमबीबीएस नाही मिळालं म्हणून बीडीएस असं जे म्हणतात ना, त्यांना हे दाखवायला पाहिजे. तू तशा मनाने जाणार असशील तर मात्र नको जाऊ, खरंच रिपीट कर, मी फी भरतो.

माझ्याकडेही लोक येतात, भाऊ तुम्हीच बसवून द्या ना कवळी, डॉक्टरकडे कशाला. मी नाही म्हणतो. १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टमध्ये मेकॅनिकने कवळी बनवायची, तोंडात हात घालायचा नाही, आता २०२३ चा नवीन नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा आलाय तरी मला काही डॉक्टर होता येणार नाही. आणि बाजाराच्या दिवशी तारेने दात बांधून देणारे बसतात, त्यांनी केलेली घाण शेवटी कोणाला तरी साफ करावीच लागते.

लॅबची काळजी करू नको. आता स्कॅनरवरून फाईल जाते आणि झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप मोठ्या शहरात मशीनवर मिल होऊन येते, माझं काम कमी झालंय हे खरं, पण कवळ्या अजून येतात.

तर आता एक कर. लिस्टमधली जी कॉलेजं जवळ आहेत तिथे कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा, अॅडमिशन ऑफिसमध्ये नाही, सरळ ओपीडीत जाऊन बाकावर बस. खुर्च्या किती भरल्यात बघ, इंटर्न काम करतोय की मोबाईल बघतोय ते बघ, फायनल इयरच्या एखाद्या पोरीला विचार कोट्याचे पेशंट कुठून आणतेस. मग रात्री फोन कर, नऊनंतर कर, तोवर फर्नेस बंद झालेली असते.

बाबा