जोडवी काढली, खुब्यांतल्या धातूचे कोणी विचारले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात नव्या सीटी स्कॅन यंत्राच्या उद्घाटनाची बातमी वाचली. फीत कापणाऱ्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या अकरा मान्यवरांची नावे आपण आवर्जून छापलीत, त्याबद्दल त्यांच्या वतीने आभार. मात्र 'शरीरात रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असलेल्या रुग्णांचेही आता सुस्पष्ट चित्र मिळणार' या वाक्यातील 'आता' या शब्दाला माझी हरकत आहे. धातूमुळे बिघडणारे चित्र सुधारण्याची सोय बेळगावात आजवर नव्हतीच, असा समज त्यातून होतो. सोय होती. माझ्या पत्नीच्या वेळी ती कोणी वापरली नाही, एवढेच.

संधिवातामुळे पत्नीचे दोन्ही खुबे बदलावे लागले; उजवा २०१७ साली, डावा २०१९ साली, दोन्ही मिरजेला. गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड सुजलेले दिसले, पण खडा नेमका कुठे अडकला आहे ते कळेना, म्हणून डॉक्टरांनी सीटी काढायला सांगितले. केंद्रात गेल्यावर तिथल्या मुलीने अंगावरचे सगळे दागिने उतरवायला लावले. पाटल्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की बेसिनपाशी साबण लावून दहा मिनिटे खटपट करावी लागली. नंतर जोडवीही काढायला लावली. पोटाच्या सीटीला हात डोक्यावर घ्यायला सांगतात आणि पावले चित्रात येतच नाहीत, तेव्हा पाटल्या आणि जोडवी यांचा त्या चित्राशी काडीचाही संबंध नव्हता. ज्या धातूचा होता, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मिरजेची फाईल माझ्या हातातल्या पिशवीत होती आणि तिच्या शेवटच्या पानावर दोन्ही कृत्रिम सांध्यांची स्टिकरे, कंपनी आणि बॅच क्रमांकासह, चिकटवलेली होती. मी ती आपणहून दाखवायला हवी होती, हे मान्य करतो. पण दाखवण्यासारखी ती वस्तू आहे, हेच मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी अहवाल हातात आला. मूत्रपिंड सुजलेले आहे, मूत्रवाहिनीच्या खालच्या भागाविषयी मात्र दोन्ही खुब्यांतील धातूमुळे काही सांगता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे जे पाहण्यासाठी गेलो, तेवढेच सोडून बाकी सगळे दिसले होते. आमचे डॉक्टर परगावी असल्याने पाचव्या दिवशी भेटले. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली तेव्हा दोन बाजूंना दोन पांढरेशुभ्र गोळे, ग्राइंडरच्या ठिणग्यांसारख्या त्यांतून चहूकडे उडालेल्या रेघा आणि दोन गोळ्यांच्या मध्ये एक रुंद काळा पट्टा, असे ते चित्र होते. मूत्राशय आणि मूत्रवाहिनीचे टोक नेमके त्या पट्ट्यात बुडालेले. डॉक्टरांनी माझ्यादेखत केंद्राला फोन लावला आणि धातूची दुरुस्ती करून तेच स्कॅन पुन्हा तयार करून मागितले. पलीकडून उत्तर आले, "सर, ती सोय आमच्या मशीनमध्ये आहे, पण पेशंटचा रॉ डेटा उडाला. सीडी दिलीय ना?"

या उत्तराने माझे डोके फिरले, आणि ते का फिरले हे सांगण्यासाठी थोडे धंद्यातले बोलतो. मी उद्यमबागेत तीस वर्षे मशीन शॉप चालवतो. ओतकामात आत पोकळी राहिली आहे का हे पाहण्यासाठी आमच्याकडेही नगाचे रेडिओग्राफ काढून घ्यावे लागतात, आणि जाड भागाला केव्ही, म्हणजे क्ष-किरणांच्या नळीला दिलेला विजेचा दाब, वाढवावे लागते हे आमच्या नवख्या पोरालाही कळते. सीटीच्या नळीतून निघणारे क्ष-किरण सगळे एका ताकदीचे नसतात. धातूतून जाताना त्यांतले दुबळे किरण गाळले जातात आणि जोरकस तेवढे पलीकडे पोहोचतात. दोन्ही खुबे एका रेषेत आले की पलीकडे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. संगणक त्या फसव्या मापांवरूनच चित्र रचतो आणि एकेका मापातली चूक चित्रात रेघभर पसरते. टायटॅनियमचा हा त्रास कमी असतो, स्टेनलेस स्टील आणि कोबाल्ट-क्रोमचा जास्त. त्यातून खड्यासाठीचे सीटी किरणांच्या कमी मात्रेवर काढण्याची रीत आहे. रुग्णासाठी ती चांगलीच आहे, पण खुब्यांत धातू असेल तर तीच अंगलट येते, आणि म्हणूनच ते आधी विचारायचे असते.

यावरचे उपाय काल-परवाचे नाहीत. १२० ऐवजी १४० केव्ही लावता येते, काही यंत्रांत दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर एकाच वेळी माहिती घेता येते, आणि जी मापे धातूतून आली आहेत ती बाजूला काढून त्यांच्या जागी शेजारच्या मापांवरून अंदाजाची मापे भरण्याची पद्धत जर्मनीच्या विली कालेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच प्रसिद्ध केली होती. आपल्या बातमीतील 'क्रांतिकारक' तंत्राचे मूळ हे असे चाळिशीकडे झुकलेले आहे. पण मापे बदलण्याचे हे काम मूळ मापांवरच करावे लागते, आणि ती मापे म्हणजेच तो रॉ डेटा. सीडीत असतात ती तयार चित्रे. त्यांवरून पुन्हा मापांकडे जाता येत नाही. मूळ मापांना डिस्कवर फार जागा लागते, म्हणून यंत्र काही दिवसांत जुनी पुसून नव्यांना जागा करते, हे मी समजू शकतो. मात्र धातूमुळे दिसत नाही असे ज्या अहवालात स्वतःच लिहिले, त्या रुग्णाची तरी मापे डॉक्टरांनी अहवाल पाहीपर्यंत अडवून ठेवता आली असती. किंबहुना अहवाल लिहितानाच दुरुस्ती लावून पाहिली असती, तर फोनाचाही प्रश्न आला नसता.

शेवटी दुसऱ्यांदा स्कॅन झाले. पुन्हा साडेतीन हजार रुपये, पुन्हा साबण आणि पाटल्या, पुन्हा अंगावर किरण. नगाचा फोटो फसला तर आम्ही दुसरा काढतो, नगाला त्याचे काही वाटत नाही. या वेळी तंत्रज्ञाला सगळे आधी सांगितले होते. काळा पट्टा पुरता गेला नाही, पण फिकट झाला आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे सहा मिलिमीटरचा खडा स्वच्छ दिसला. डॉक्टरांनी मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच तो नक्की केला, कारण ही दुरुस्ती कधीकधी धातूलगत मुळात नसलेल्या सावल्याही उभ्या करते. तेव्हा बातमीतील 'सुस्पष्ट' हा शब्दही जरा हात राखून वापरला असता तर बरे झाले असते.

आणखी एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. पहिल्या वेळी पत्नीकडून जो फॉर्म भरून घेतला, त्यात शरीरात धातू आहे का, हा प्रश्न छापलेला होता. दुसऱ्या खेपेला मी तो स्वतः वाचला. तो कन्नडमध्ये होता आणि इंग्रजीत होता. माझ्या पत्नीचे शिक्षण खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत सातवीपर्यंत झाले आहे. काउंटरवरच्या मुलाने तिला काही न विचारता सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या आणि सही कुठे करायची तेवढे बोट ठेवून दाखवले. कन्नड असू द्यावे, इंग्रजीही असू द्यावे, आमची त्याला ना नाही. पण बाहेर बाकांवर बसलेल्यांपैकी निम्मे लोक आपसांत मराठीत बोलत होते, त्यांच्यासाठी त्याखाली एक ओळ वाढवली असती तर शाईला असा किती खर्च आला असता? पत्नीने आता आपली सोय आपणच केली आहे. 'दोन्ही खुबे धातूचे आहेत' अशी चिठ्ठी मराठीत लिहून तिने पर्समध्ये ठेवली असून चिठ्ठीच्या पाठीमागे तेच वाक्य शेजारच्या वहिनींनी कन्नडमध्ये लिहून दिले आहे.

आपल्याला एकच विनंती. आपल्या वार्ताहराने त्या नव्या केंद्रात पुन्हा एकदा जावे आणि धातू असलेल्या रुग्णाला तो आहे का हे तोंडी कोण विचारते, दुरुस्ती आपोआप लावली जाते की मागावी लागते आणि रॉ डेटा किती दिवस ठेवतात, एवढे विचारून उत्तरे छापावीत. या वेळी मान्यवरांची नावे नसली तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक
अनगोळ, बेळगाव