लस ‘नको’ म्हणण्यामागे काय काय असते?

महोदय,

करोना लसीकरणाचा विषय निघाला की कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी भागातल्या खेड्यांबद्दल ‘लोकच तयार नव्हते’ असे सरसकट बोलले जाते. आशाताईंच्या वहीत ‘नकार’ एवढा एकच शेरा पडला, की त्यामागचे कारण कुणी विचारत नाही.

कुपीचेच बघा. कोविशील्डच्या एका कुपीत अर्ध्या मिलिलिटरचे १० डोस असत. कुपी फोडली की चार तासांत संपवायची, उरेल ते टाकून द्यायचे. वाया जाणारी लस १ टक्क्याच्या आत ठेवा, असा केंद्राचा आग्रह. मग सहा माणसे बाकावर येऊन बसली, तरी सिस्टर कुपी कशी फोडणार? ‘आणखी चौघे येऊ देत’ हेच उत्तर. १८ वर्षांवरील सर्वांना केंद्राची मोफत लस सुरू झाली २१ जून २०२१ ला, म्हणजे खानापूरकडे भाताच्या रोपलावणीची घाई असते त्याच दिवसांत. तासभर बसून शेताकडे परतलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. हा नकार नव्हे. त्या चार डोसांपेक्षा परत गेलेली सहा माणसे आम्हाला महाग वाटतात.

दुसरी अडचण तापाची. लसीनंतर अंग मोडून येते, ताप चढतो, बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. मजुरी करणाऱ्याला तेवढ्यात दोन दिवसांचा रोज बुडतो. आपल्याकडे गाव वार पाळते त्या दिवशी शेतात कुणी जात नाही. लसीकरण त्याच्या आदल्या दिवशी ठेवले, तर तापाचा दिवस घरातच निघतो. लस टोचण्याआधीच तापाची गोळी घेऊ नये, ताप आल्यावर पॅरासिटामॉल घ्यावी आणि शुगर-बीपीच्या गोळ्या बंद करू नयेत, एवढे तिथल्या तिथे सांगितले तरी निम्मी भीती जाते.

कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर तर तीनदा वेगळे सांगितले गेले: आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, मे महिन्यात १२ ते १६. अंतर वाढवल्यास संरक्षण चांगले मिळते असे चाचण्यांत दिसले होते, पण ते कारण गावापर्यंत आले नाही. ऐन टंचाईत अंतर वाढल्यामुळे ‘लस संपली म्हणून तारीख ढकलली’ असाच अर्थ लोकांनी काढला. पहिल्या डोसानंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, हेही कुणी सांगितले नाही. दुसऱ्या लाटेत त्या काळात जो पॉझिटिव्ह आला, त्याचे खापर लसीवर फुटले. स्वॅब आणि लस एकाच दवाखान्यात असेल तर ही भीती वाढणारच. लसीला शाळेची खोली वापरावी.

आता सीमाभागाचे म्हणून जे आहे ते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येताना लस घेतलेली असली तरी कोगनोळीच्या सीमानाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागत होता. कोल्हापूरला नित्य ये-जा करणाऱ्याने यातून काय समजायचे? शिवाय आपण बातम्या बघतो मुंबई-पुण्याच्या आणि नियम येतात बेंगळुरूहून, त्यामुळे कुणाची पाळी कधी, यातच गोंधळ. लसीची नोंदणी होई त्या कोविन पोर्टलवर मराठी आणि कन्नड आले तेही जून २०२१ मध्ये. व्हॉट्सॲपवर अफवा मराठीत फिरते आणि खुलाशाचे पत्रक कन्नडमध्ये येते. ज्या आजीला ते वाचता येत नाही, ती शेवटी अफवेवरच विसंबणार.

जिल्हा आरोग्य खात्याला आमची विनंती आहे की, आशाताईंच्या वहीत ‘नकार’ या रकान्याऐवजी ‘कारण’ असा रकाना करावा. कुपी फोडली नाही, ताप, रोज बुडतो, घरच्यांची परवानगी नाही, दुसऱ्या डोसाची तारीख कळली नाही, ही कारणे त्यात मराठी आणि कन्नड दोन्हींत छापलेली असावीत. आठवड्याच्या शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो रकाना वाचून पुढच्या शिबिराचा दिवस आणि जागा ठरवावी. पुढच्या साथीची वाट न बघता बाळांच्या नेहमीच्या लसीकरणापासूनच हे सुरू करता येईल.

– निवृत्त आरोग्य कर्मचारी, खानापूर तालुका (जि. बेळगाव)